दूरचा समुद्र

मृग नक्षत्र लागले, की उमरीच्या परिसरातील शेतकरी आभाळाकडे पाहू लागतात. कापूस, सोयाबीन, तूर यांची पेरणी पावसावरच अवलंबून असते. हा पाऊस मान्सून वारे आणतात. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’ या शब्दापासून आला आहे. तुम्ही घरी ‘मौसम’ म्हणता, तोच हा शब्द!

या पावसाचा संबंध हजारो किलोमीटर दूर असलेल्या पॅसिफिक महासागराशीही आहे. तेथे विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी पूर्वेला पेरू देशाच्या किनाऱ्याकडे पसरते. नाताळच्या सुमारास हे जाणवते, म्हणून तेथील कोळी त्याला ‘एल निनो’, म्हणजे बाळ, म्हणू लागले. याउलट, पाणी नेहमीपेक्षा थंड झाले, तर त्या स्थितीला ‘ला निना’ म्हणतात.

२०१५ साली फार मोठा एल निनो आला. त्या वर्षी भारतात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. मराठवाड्यात तर मांजरा धरण आटले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत ५ लाख लिटर पाणी होते.

त्याच काळात दक्षिण ध्रुवाकडे काय घडले? जानेवारी २०१६ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाचा वरचा थर सुमारे दोन आठवडे वितळत होता. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे होते! या वितळण्यालाही त्याच एल निनोचा हातभार लागला, असे शास्त्रज्ञांना आढळले.

हे कसे होते? गरम समुद्रावरून पुष्कळ वाफ वर जाते. तिचे ढग बनताना उष्णता हवेत मिसळते. तळ्यात खडा टाकला, की लाटा काठापर्यंत जातात ना? तशाच लाटा उंच हवेत उठतात आणि ध्रुवांकडे सरकतात. त्यामुळे तेथील वाऱ्यांच्या वाटा बदलतात. समुद्रावरची उबदार हवा बर्फावर आली, की तापमान वाढते. ध्रुवाकडचा वारा आला, की ते घटते. म्हणून एकाच वेळी अंटार्क्टिकाचा एक भाग तापतो, तर दुसरा गारठतो.

मात्र एल निनो आला, की आपल्याकडे दुष्काळ पडतोच, असे नाही. १९९७ साली मोठा एल निनो असूनही भारतात सरासरीइतका पाऊस झाला. आपल्या हिंदी महासागराचाही पावसावर परिणाम होतो. म्हणून हवामान खाते अंदाज बांधताना दोन्ही महासागरांकडे लक्ष ठेवते. अंदाज वेळेवर कळला, तर बियाणे, चारा व पाणी यांची तयारी करता येते.

मुलांनो, दूरच्या समुद्रावर आपला हुकूम चालत नाही; पण आपल्या शिवारात पडलेले पाणी अडवणे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय
१. एल निनो म्हणजे काय?
२. लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले?
३. तुमच्या गावात पाणी अडवण्यासाठी काय करता येईल? पाच वाक्ये लिहा.