रंग न बदलणारी रिबन

‘तुला साधा रंगसुद्धा देता येत नाही?’ हे सीनियरकडून ग्रुप मीटिंगमध्ये, सरांच्या आणि नव्या ज्युनियर्सच्या देखत ऐकून घ्यावं लागलं. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आकृती हिमोग्लोबिनची, पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातली २एचएचबी. अल्फा साखळ्या निळ्या आणि बीटा नारिंगी हव्या होत्या. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची सेशन फाइल त्याच सीनियरने दिलेली. मी ए आणि सी या अल्फा साखळ्यांना निळा रंग दिला, तरी रिबन राखाडीच. उजवीकडच्या ‘सी’ बटणातून दिला, तरी तेच. सीनियरला विचारलं, तर स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, ‘सिलेक्शन चुकलं असेल.’ सिलेक्शन चुकलं नव्हतं. किती अणू रंगवले तो आकडा पायमॉल स्वतःच खाली छापतं आणि तो बरोबर होता.

उलगडा झाला तो हीमजवळचा ८७ क्रमांकाचा हिस्टिडिन दाखवायला स्टिक्स चालू केल्या तेव्हा. काड्या चक्क निळ्या, आणि त्या जिथून निघतात ती रिबन राखाडी! म्हणजे रंग अणूंपर्यंत पोचला होता. ‘कलर’ कमांड अणूंना रंग देते, पण ऑब्जेक्टवर ‘कार्टून_कलर’ हे सेटिंग लावलेलं असेल तर रिबन अणूंचा रंग घेतच नाही. ते सेटिंग याच महाशयांनी लावून फाइल सेव्ह केली होती. दाखवलं तेव्हा ‘हां, असेल’ एवढंच म्हणाला. मीटिंगमध्ये बोललेलं मीटिंगमध्येच मागे घ्यायला हवं होतं. ते आजतागायत झालेलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी ‘गेट कार्टून_कलर’, मग स्वल्पविराम आणि ऑब्जेक्टचं नाव द्या. उत्तरात एखादा रंग आला की चोर सापडला. मग ‘अनसेट’ करा, पण ऑब्जेक्टचं नाव देऊनच. स्टिक, स्फिअर आणि सरफेस यांचीही अशीच वेगवेगळी सेटिंग्ज आहेत; सरफेस हट्टाने पांढराच राहिला तर तिथे बघा. दुसऱ्याची सेशन फाइल शक्यतो वापरूच नका. रचना पीडीबीतून नव्याने उतरवा आणि रंगांच्या कमांड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, म्हणजे कुणी बोट दाखवलं तर पुरावा हाताशी असतो.

आणखी एक. अल्फाफोल्डचं मॉडेल ‘स्पेक्ट्रम बी’ने रंगवून कुणी दिलं तर डोळे झाकून घेऊ नका. त्यात बी-फॅक्टरच्या रकान्यात विश्वासार्हतेचा गुण असतो. अल्फाफोल्डच्या संकेतात ९० च्या वरचा भाग गडद निळा आणि ५० च्या खालचा नारिंगी. पायमॉलचा मूळ क्रम मात्र कमी आकड्याला निळा आणि जास्तीला लाल देतो. म्हणजे सगळ्यात बेभरवशाचा भाग नेमका निळा दिसतो. रंगांचा क्रम, किमान आणि कमाल, तिन्ही स्वतः लिहा. आकृतीखाली नाव तुमचं जाणार आहे, फाइल देणाऱ्याचं नाही.