बाथरूमची फरशी पांढरी, सांधे काळे

प्रश्न : घरी बोअरचं पाणी आहे. बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर बसतो. अ‍ॅसिडने धुतो, पण आता सांधे उकरले गेलेत आणि काळे पडलेत. काय करावं? – एक वाचक, मारेगाव

उत्तर : आधी अ‍ॅसिड बंद करा. वणी-मारेगावचा पट्टा चुनखडीचा. बोअरच्या पाण्यातला चुना फरशीवर वाळतो, तोच तुमचा थर. अ‍ॅसिड त्याला खातं, तसंच सांध्यातल्या सिमेंटलाही. मग पाणी खाली मुरतं. ब्लीचिंगमध्ये तर अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

थरासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड पुरे. सांधे आधी साध्या पाण्याने भिजवा, मग हे द्रावण थरावर लावा, दहा मिनिटांनी घासून धुवा. शहाबादी किंवा कोटा फरशीवर मात्र हेही नको. तो दगड स्वतःच चुनखडीचा.

नाण्याने टाइल ठोकून पाहा. पोकळ वाजली तर ती काढून पुन्हा बसवणंच बरं. इतर सांधे खरवडून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरा. महाग पडतं, पण पाणी शोषत नाही. पाणी साचत असेल तर उतार चुकलाय. मीटरला सेंटिमीटरभर तरी हवा. रोज अंघोळीनंतर वायपर फिरवा.