शेजार, सैनिक आणि कर्करोग

रणांगणावरून सुखरूप परतलेला शिपाई घराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतो, तेव्हां त्याचें संकट सरलें असें आपणांस वाटतें. परंतु कर्करोग हा शत्रु पुष्कळ वर्षांनीं प्रकट होतो. आणि त्याचें बळ केवळ सैन्यांतील दिवसांवरच नव्हे, तर निवृत्त सैनिक ज्या वस्तींत राहतो तिच्यावरही अवलंबून असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उदाहरणावरून हें समजून घेऊं.

प्रथम सैनिकी जीवनाचा वांटा पाहूं. अमेरिकन शिपायांच्या शिध्यांत १९७५ सालापर्यंत सिगारेटी दिल्या जात. व्हिएतनामांत १९६२ ते १९७१ या काळांत रानाचा पाला झडावा म्हणून विषारी द्रव्यें फवारण्यांत आलीं. नॉर्थ कॅरोलायनांतील कॅम्प लेजून या छावणीचें पिण्याचें पाणी १९५३ पासून १९८७ पर्यंत घातक रसायनांनीं दूषित होतें. अशा सैनिकांच्या उपचारांची तरतूद २०२२ च्या कायद्यानें अधिक व्यापक झाली.

आतां शेजाराचा वांटा. १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांस सरकारी हमीवर घरासाठीं कर्ज मिळूं लागलें. परंतु १९४७ सालीं मिसिसिपींतील शहरांच्या पाहणींत सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकीं अवघीं दोन कृष्णवर्णीय सैनिकांस मिळाल्याचें आढळलें. देश एकच, गणवेषही एकच. परंतु घर मात्र निराळ्या वस्तींत! गरीब वस्तींत धूर अधिक, चांगला वैद्य दूर, आणि रुग्णालयांत जावें तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून रोग उशिरां उघडकीस येतो. संशोधक आज प्रत्येक वस्तीस उत्पन्न, शिक्षण, रोजगार व घरांची स्थिति यांवरून क्रमांक देतात, व त्यावरून आरोग्याची तुलना करितात.

उशीर किती महाग पडतो पाहा. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांची सौम्य किरणांच्या सी. टी. यंत्रानें दरवर्षीं तपासणी केली असतां, साध्या क्ष-किरण तपासणीच्या मानानें फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा २० नीं कमी झाले. पण यंत्रापर्यंत पोंचतांच न आलें, तर त्याचा लाभ कोणास?

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत प्रोस्टेटच्या कर्करोगानें कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारें दुप्पट प्रमाणांत मरतात. परंतु सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील साठ हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत कृष्णवर्णीयांची स्थिति गोऱ्यांहून वाईट आढळली नाहीं. दार सर्वांस सारखें उघडें असलें, म्हणजे अंतर मिटूं शकतें.

वाचकहो, वस्तीवरून कोणा एकाचें भविष्य मात्र ठरत नाहीं. श्रीमंतासही हा रोग होतो, व अनेक गरीब त्यापासून मुक्त राहतात. परंतु चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जाणतां. त्यानें जखमी वाटसरूची नुसती कींव केली नाहीं. जखमा बांधल्या, धर्मशाळेंत पोंचविलें, खर्चही दिला. आपल्या सातारा जिल्ह्यांतही पुष्कळ घरीं वृद्ध सैनिक आहेत. त्यांपैकीं कोणाचा खोकला आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, कोणाच्या अंगावर गांठ दिसत असेल, तर त्याचा हात धरून त्यास रुग्णालयांत न्यावें. चांगला शेजार हाही औषधाचाच एक भाग होय.