शाळा-कॉलेजचं लिखाण नेटवर कुठं ठेवायचं?



ब्लॉग किंवा वेबसाइट काढताना आपण रंग बघतो, फोटो बघतो. पण ती कुणाच्या नावावर आहे हे कुणी बघत नाही. गुरुजी स्वतःच्या जीमेलवरून शाळेचा ब्लॉग काढतात, क्यूआर कोड भिंतीवर लावतात. पुढं त्यांची बदली होते आणि पासवर्ड त्यांच्यासोबत जातो! मुलांच्या कविता, उपक्रम तिथंच अडकून पडतात.

आधी दोन शब्द समजून घेऊ. डोमेन म्हणजे घराचा पत्ता. होस्टिंग म्हणजे सामान ठेवायची जागा. जागा बदलली तरी चालतं, पत्ता बदलला की पाहुणा चुकतो.

पर्याय कोणते?

१) फुकटची जागा : ब्लॉगर, गुगल साइट्स. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गुगलनं घेतलं. मराठीत लिहायला सोपं. पण ब्लॉगस्पॉटचा पत्ता बदलला की जुन्या लिंक बंद पडतात. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. ज्यांच्या पत्त्यात जुनं नाव आहे त्यांनी घाईनं बदलू नये. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. फुकटची जागा कायमची नसते. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा लाखो पानं गेली.

२) विकतची जागा : स्वतःचं डोमेन, त्यावर वर्डप्रेस. पत्ता आपला राहतो, पण दरवर्षी पैसे भरावे लागतात. मुदत चुकली की साइट बंद, आणि नाव दुसराही घेऊ शकतो.

३) संस्थेची जागा : मान्यताप्राप्त शिक्षण संस्थांना एसी डॉट इन, एज्यु डॉट इन ही नावं अर्नेट इंडिया देते. माणसं बदलली तरी पत्ता संस्थेचाच राहतो.

विद्यापीठात तर तिन्ही लागतात. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. अशा ठिकाणी सूचना, अभ्यासक्रम, निकाल संस्थेच्या पत्त्यावरच हवेत. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर ठेवले जातात. ते वाचायला पैसे लागत नाहीत. विद्यार्थ्यांचे प्रकल्प गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात. मात्र कॉलेजनं दिलेला ईमेल शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकतो, म्हणून आपल्या कामाची प्रत आधीच स्वतःकडं घ्यावी.

आपण एवढं करूया :

• खातं शाळेच्या ईमेलवर काढा. ब्लॉगरवर दुसऱ्या शिक्षकालाही ॲडमिन करा.
• बदलीच्या वेळी चार्ज देताना पासवर्डचाही चार्ज द्या.
• वर्षातून दोनदा बॅकअप घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमधून लेखांची फाइल उतरवता येते. फोटो वेगळे जपून ठेवा.
• मुलांचे फोटो, पूर्ण नावं टाकण्याआधी पालकांची संमती घ्या.

दाखलखारीज रजिस्टर आपण कुणाच्या घरी ठेवत नाही, शाळेच्या कपाटात ठेवतो. मुलांचं नेटवरचं लिखाणही तसंच जपायला हवं. पालकहो, तुमच्या शाळेचा पासवर्ड किती जणांकडं आहे, एकदा विचारून बघा.