पित्तविचार : आयुर्वेद आणि पाली वाङ्मय यांच्या प्रकाशात

मराठी माणसाच्या बोलण्यात आजारांची जी नावे सहज येतात, त्यांत 'पित्त' या नावाचे स्थान बरेच वरचे आहे. घशाशी आंबट पाणी आले, की पित्त झाले; डोके दुखून उलटी झाली, की पित्त पडले; अंगावर लाल गांधी उठल्या, की पित्त उठले; आणि एखाद्याला अनावर राग आला, तर त्याचे पित्त खवळले. एकाच शब्दाच्या पोटात इतके अर्थ सामावले असले, म्हणजे तो शब्द सर्वांच्या ओळखीचा होतो. पण त्याचा नेमका अर्थ मात्र धूसर होत जातो. आयुर्वेदाने या शब्दाला कोणता अर्थ दिला, प्राचीन पाली ग्रंथांत तो कोणत्या संदर्भात येतो आणि आजच्या विद्यार्थ्याने त्यातून काय घ्यावे, याचा क्रमाने विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचा अर्थ आणि दोषाचे स्वरूप

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'पित्त' हा शब्द 'तप्' या धातूशी जोडलेला आहे. तापणे, तापविणे हा त्या धातूचा अर्थ. म्हणजे पित्ताच्या कल्पनेचे मूळ उष्णतेत आहे. त्याच ठिकाणी एक सुंदर उपमा येते. चंद्र, सूर्य आणि वारा ज्याप्रमाणे ओलावा देणे, शोषून घेणे आणि इकडून तिकडे नेणे या तीन क्रियांनी जग धारण करतात, त्याप्रमाणे कफ, पित्त आणि वात शरीर धारण करतात. यातील सूर्याचे काम पित्ताकडे आहे.

'दोष' या शब्दामुळे पुष्कळदा गैरसमज होतो. दोष म्हणजे केवळ वाईट वस्तू नव्हे. वात, पित्त आणि कफ जोपर्यंत योग्य प्रमाणात असतात, तोपर्यंत त्यांच्यावरच आरोग्य उभे असते. प्रमाण बिघडले, म्हणजे तेच शरीराला दूषित करतात. 'माझ्या अंगात पित्त आहे' ही तक्रार म्हणून शास्त्राला मान्य होणार नाही. पित्त प्रत्येकाच्या अंगात आहेच, आणि ते नसेल तर अन्नाचा एक घासही पचणार नाही. प्रश्न त्याच्या असण्याचा नसून प्रमाणाचा आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पित्ताचे गुण दिले आहेत : किंचित स्निग्ध, तीक्ष्ण, उष्ण, हलके, उग्र वासाचे, सरणारे आणि द्रवरूप. हे गुण लक्षात ठेवले, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते. कारण समान गुणांनी वाढ आणि विरुद्ध गुणांनी घट, हा आयुर्वेदाचा पायाभूत नियम आहे. पित्त आणि अग्नी एकच, की वेगळे, असाही प्रश्न सुश्रुताने उपस्थित केला आहे. शरीरात पित्ताखेरीज दुसरा अग्नी आढळत नाही, असे त्याचे उत्तर आहे. जाळणे, शिजविणे ही कामे पित्तच करते, म्हणून त्यालाच अंतरग्नी म्हणावे.

२. पित्ताचे पाच प्रकार

स्थान आणि कार्य यांवरून पित्ताचे पाच प्रकार मानले आहेत. आमाशय आणि पक्वाशय यांच्या मध्ये राहून अन्न पचविणारे ते पाचक पित्त. यकृत व प्लीहा यांत राहून रसाला रक्ताचा रंग देणारे ते रंजक पित्त. वाग्भट मात्र त्याचे स्थान आमाशय सांगतो. हृदयात राहून बुद्धी, निश्चय आणि इच्छित कार्य सिद्धीस नेण्याची शक्ती देणारे ते साधक पित्त. डोळ्यांत राहून रूपाचे ज्ञान करून देणारे ते आलोचक पित्त, आणि त्वचेत राहून कांती देणारे ते भ्राजक पित्त.

यांतील साधक पित्त विशेष विचार करण्याजोगे आहे. चरकसंहितेतही शौर्य व भय, क्रोध व हर्ष या जोड्या पित्ताच्या सम आणि बिघडलेल्या अवस्थांशी जोडलेल्या आहेत. पचनाची उष्णता आणि मनाची उष्णता यांत प्राचीन वैद्यांना नाते दिसत होते. 'पित्त खवळणे' हा मराठी वाक्प्रचार त्याच विचाराची आठवण जपून आहे.

३. पित्त का वाढते?

तिखट, आंबट आणि खारट हे तीन रस पित्त वाढवितात. गोड, कडू आणि तुरट हे तीन ते शमवितात. या नियमाला अपवादही आहेत. आंबट पदार्थ सामान्यतः पित्तकर असले, तरी डाळिंब आणि आवळा हे तसे नाहीत, असे चरक सांगतो. मोरावळा पित्तावर दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे. आहाराखेरीज कडक ऊन, उपवास आणि संताप हीदेखील पित्त वाढण्याची कारणे मानली आहेत.

काळाचाही संबंध आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या मध्यभागी, अन्न पचत असताना आणि आयुष्याच्या मधल्या काळात पित्ताचे बळ अधिक असते. वर्षाच्या चक्रात त्याचा संचय पावसाळ्यात, प्रकोप शरद ऋतूत आणि शमन हेमंतात होते. पावसाने गार झालेल्या शरीरावर अचानक तीव्र ऊन पडते आणि साठलेले पित्त उसळते. ज्याला आपण ऑक्टोबरचा उन्हाळा म्हणतो, तोच हा काळ. कोजागरीच्या चांदण्यात दूध पिण्याची आपल्याकडील रीतही याच ऋतूत येते.

उपचारांत वातासाठी तेल, पित्तासाठी तूप आणि कफासाठी मध श्रेष्ठ मानले आहे. आणि शोधनाच्या उपायांत पित्तासाठी विरेचन, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली दिलेले रेचक, प्रमुख आहे.

४. शरद ऋतूतील आजारी भिक्खू

येथे पाली विनयपिटकातील एक प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे. महावग्गाच्या भैषज्यविषयक प्रकरणाचा आरंभच त्याने होतो. भगवान बुद्ध श्रावस्तीच्या जेतवनात असताना भिक्खूंना शरद ऋतूतील आजाराने ग्रासले. प्यालेली पेज उलटून पडे, खाल्लेले अन्न उलटून पडे. ते कृश झाले, फिकट पिवळे पडले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तेव्हा बुद्धांनी असा विचार केला, की औषधही होईल आणि शरीराला आधारही देईल, परंतु ज्याला पूर्ण भोजन म्हटले जात नाही, असे काय देता येईल? त्यांनी पाच वस्तूंना अनुमती दिली : तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. आरंभी ही औषधे भोजनाच्या विहित वेळेतच घ्यावयाची होती. तेवढ्याने भागत नाही, असे दिसून आल्यावर ती वेळेबाहेर घेण्यासही परवानगी देण्यात आली.

विनयाच्या 'समन्तपासादिका' या अट्ठकथेत या आजाराचे स्पष्टीकरण पित्ताचा आजार असेच केले आहे. पावसात भिजणे, चिखल तुडविणे आणि अधूनमधून पडणारे कडक ऊन यांमुळे पित्त कोठ्यात शिरते, असे कारण तेथे दिले आहे. आयुर्वेदातील शरद ऋतूच्या पित्तप्रकोपाशी हे वर्णन किती जुळते, हे वेगळे सांगावयास नको. आणि अनुमती दिलेल्या पाच औषधांत पहिले नाव तुपाचे आहे, हेही लक्षणीय आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की संघाचा नियम रुग्णापुढे ताठ उभा राहिला नाही. रुग्णाची अवस्था पाहून नियमाला सवलत जोडली गेली.

याच महावग्गात तक्षशिलेला सात वर्षे शिकलेल्या जीवक वैद्याची कथा येते. उज्जैनीचा राजा प्रद्योत पांडुरोगाने आजारी होता. उपाय तुपाचा होता आणि राजाला तर तुपाचा तिटकारा. जीवकाने तुपाचा रंग, वास आणि चव काढ्यासारखी तुरट करून ते राजाला पाजले, आणि राजाचा राग ओळखून आधीच हत्तिणीवरून नगर सोडले. राजा बरा झाला. भगवंतांच्या शरीरात दोष साठले असता याच जीवकाने त्यांना औषधाने भारलेल्या कमळांच्या तीन ओंजळी हुंगावयास देऊन सौम्य विरेचन घडविले, असेही तेथे वर्णन आहे.

५. कर्मफळ की पित्त?

संयुत्त निकायाच्या वेदनासंयुत्तात सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्न नोंदविलेला आहे. माणूस जे काही सुख वा दुःख भोगतो, ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय? बुद्धांनी दिलेले उत्तर वैद्यकाच्या इतिहासात मोलाचे आहे. काही वेदना पित्तामुळे उत्पन्न होतात, ही गोष्ट माणसाला स्वतः जाणता येते आणि जगही ती खरी मानते. यानंतर श्लेष्म, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतूंतील बदल, शरीराची अयोग्य काळजी, बाहेरून होणारा आघात आणि शेवटी कर्मविपाक, अशी एकूण ८ कारणे ते सांगतात. सर्वच दुःख पूर्वकर्माचे, असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही आणि जगाच्या ज्ञानाच्याही पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

कर्मविपाक या यादीत आहे; पण तो ८ कारणांपैकी एक आहे, आणि पित्ताचे नाव सर्वांत आधी आहे. आजारी माणसाकडे पाहून 'याच्या पापाचे फळ' असे म्हणणाऱ्या समाजात हा विचार किती दिलासा देणारा ठरला असेल! आजाराला शोधता येण्याजोगे कारण असते. कारण सापडले, तर उपाय सापडू शकतो. आणि रुग्ण हा दोषी नसून शुश्रूषेचा अधिकारी असतो. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन स्थविर हीच ८ कारणे राजा मिलिंदाला सांगतात आणि पित्त तीन प्रकारे कुपित होते, असे जोडतात : थंडीने, उष्णतेने आणि विषम भोजनाने.

६. जुनी संज्ञा आणि आजचे शरीरशास्त्र

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थी पित्तरस आणि पित्ताशय हे शब्द वाचतात. यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि लहान आतड्यात स्निग्ध पदार्थांच्या पचनाला मदत करणारा हा रस म्हणजे आयुर्वेदातील पित्त दोष नव्हे. घशाशी येणारे आंबट पाणी बहुधा जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे असते. त्याचा पित्तरसाशी संबंध असेलच असे नाही. आणि अंगावर उठणाऱ्या गांधी पुष्कळदा त्वचेतील पेशींतून हिस्टामिन बाहेर पडल्यामुळे येतात. एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. आयुर्वेदातही आंबट ढेकरांच्या विकाराला 'अम्लपित्त' आणि गांधींच्या विकाराला 'शीतपित्त' अशी स्वतंत्र नावे असून माधवनिदानात त्यांचे स्वतंत्र वर्णन आहे. बोलीभाषेने जे एकत्र केले, ते शास्त्राने वेगळेच ठेवले होते.

इ. स. पाचव्या शतकातील बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात पित्ताचे बद्ध आणि अबद्ध असे दोन प्रकार सांगितले आहेत. बद्ध पित्त यकृताजवळच्या पिशवीत असते, तर अबद्ध पित्त सर्व शरीरात पसरलेले असते. ते कुपित झाले, की डोळे पिवळे होतात आणि अंगाला खाज सुटते. कावीळ झालेल्या रुग्णात आजही ही दोन लक्षणे दिसतात. निरीक्षण किती सूक्ष्म होते, याची यावरून कल्पना येते.

तथापि निरीक्षण अचूक असले, तरी कारणमीमांसा पुढे बदलू शकते. जठरातील व्रण केवळ तिखट खाण्याने आणि काळजीने होतात, असे आधुनिक वैद्यकही दीर्घकाळ मानत होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा त्यांच्याशी असलेला संबंध दाखविला; मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

७. वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी

वसतिगृहातील जीवनाला हे सर्व थेट लागू पडते. परीक्षेच्या काळात रात्रीचे जागरण, उपाशीपोटी चहा, न्याहारी टाळणे आणि मधल्या वेळी फरसाणावर भागविणे, हे नागसेनांनी सांगितलेले विषम भोजनच होय. वेळेवर भाकरी, भात, मुगाचे वरण, भाजी, तिखट बेताचे, दोन जेवणांत योग्य अंतर, पुरेसे पाणी आणि पुरेशी झोप, इतक्याने अनेकांची तक्रार कमी होते. साळीच्या लाह्या, भिजविलेल्या मनुका, धने-जिऱ्याचे पाणी, आवळा हे घरगुती उपाय साध्या त्रासात उपयोगी पडू शकतात. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय मात्र घातक आहे. त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो.

काही लक्षणांना 'पित्तच असेल' असे म्हणून कधीही घरी बसू नये. डोळे वा लघवी पिवळी होणे, उलटीत रक्त येणे, शौचास काळे डांबरासारखे होणे, गिळताना त्रास होणे, वजन घटत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. गांधींबरोबर ओठ वा जीभ सुजली, श्वास कोंडला, तर क्षणाचाही विलंब लावू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखून घाम फुटला आणि कळ हाताकडे वा जबड्याकडे जाऊ लागली, तर सोडा-लिंबू देत न बसता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

समारोप

सर्व दुःखाचे खापर पूर्वकर्मावर फोडू नये, खरे कारण पाहावे, हे सीवकाला मिळालेल्या उत्तराचे सार आहे. आज 'पूर्वकर्म' या शब्दाच्या जागी 'पित्त' हा शब्द ठेवून आपण पुन्हा तीच चूक करता कामा नये. कोणताही शब्द, तो कितीही जुना आणि आदरणीय असो, शोध थांबविण्यासाठी वापरला गेला, की तो अज्ञानाचेच काम करतो. पित्ताची संकल्पना आपल्याला आहार, ऋतू आणि मनःस्थिती यांकडे लक्ष देण्यास शिकविते, तेवढी ती आदराने घ्यावी. आणि जेथे तपासणीची गरज आहे, तेथे विनासंकोच तपासणी करून घ्यावी. आपल्या शेजारच्या खाटेवरचा मित्र पोट धरून झोपला असेल, तर त्याला नाव न ठेवता त्याने सकाळपासून काय खाल्ले, कोठे दुखते, कधीपासून दुखते, हे विचारावे आणि गृहपालांना कळवावे. जेतवनातही उपचाराचा आरंभ आजारी भिक्खूंकडे नीट लक्ष जाण्यापासूनच झाला होता.