नर्सिंगची पहिली नोकरी : पहिला पगार हाती येईपर्यंतचा हिशेब

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला की घरचे विचारतात, ‘पगार किती मिळणार?’ त्याआधी दुसरा हिशेब मांडा. पहिला पगार खात्यावर जमा होईपर्यंत गाठीला किती पैसे लागतील? हा हिशेब न मांडलेल्या मुली अडचणीत सापडतात आणि समोर येईल त्या कागदावर सही करतात. वॉर्डची इन्चार्ज म्हणून मी हे दरवर्षी पाहते.

रुजू होण्याआधी

निकाल लागताच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करा. फी कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून स्वतः भरा. एजंटला वरचे पैसे देऊ नका. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. शिकताना राहिले असतील तर लगेच सुरू करा. आयसीयूत जायचे असेल तर बीएलएसचे कार्ड उपयोगी पडते, पण ते दोनच वर्षे चालते. काही रुग्णालये हा कोर्स स्वतःच करून घेतात, म्हणून आधी विचारा.

एका मुलीची वही

आमच्या वॉर्डात लातूरहून आलेल्या एका मुलीने पुण्यातला पहिला खर्च वहीत लिहून ठेवला होता :

- कॉट बेसिसवर जागा, भाडे आणि डिपॉझिट : 9,000
- मेस : 3,200
- युनिफॉर्मचे दोन जोड : 1,800
- बूट : 1,200
- बीएलएस : 3,000
- एसटी, झेरॉक्स, फोटो : 800

एकूण 19,000 रुपये. पगार ठरला 18,000, त्यात बेसिक 15,000. ती 11 तारखेला रुजू झाली, त्यामुळे पहिला पगार 20 दिवसांचाच, म्हणजे 12,000. त्यातून पीएफचे 1,200 आणि ईएसआयसीचे 90 रुपये गेले. हाती आले 10,710. पूर्ण महिन्यालाही 16,065 च येतात. म्हणून दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच घर सोडा.

पगाराची बोलणी

‘इन हँड किती?’ असे स्पष्ट विचारा. रुग्णालयाच्या वाट्याचा पीएफही तुमच्याच आकड्यात धरला आहे का, तेही विचारा. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. कापला असेल तर हिशेब मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान 20,000 रुपयांची शिफारस केली आहे. अनेक ठिकाणी तेवढे मिळत नाहीत, तरी बोलणी करताना हा आकडा लक्षात असू द्या. नाईट ड्युटी, साप्ताहिक सुट्टी आणि नोटीस पिरियड हे सगळे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

पुढच्या दाराचा विचार

एम्सच्या नॉरसेट परीक्षेची फी खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला 3,000, तर एससी, एसटी व ईडब्ल्यूएसला 2,400 रुपये आहे. बी.एस्सी. झालेल्यांना ही परीक्षा लगेच देता येते. जीएनएमला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे जीएनएम झालेल्यांनी 30 खाटांच्या नर्सिंग होममध्ये दोन हजार जास्त मिळत असले तरी मोठे रुग्णालय निवडावे.

मूळ कागद हातचे सोडू नका

माझ्या पहिल्या नोकरीत मूळ मार्कशीट ‘ऑफिसात जमा’ करून घेतल्या होत्या. सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीचे बोलावणे आले, तेव्हा त्या वेळेवर मिळाल्या नाहीत आणि माझी ती जागा गेली. मूळ कागद दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ परत घेऊन या. बॉण्ड असेल तर मुदत आणि रक्कम घरी नेऊन वाचा. नोकरी देण्यासाठी कुणी डिपॉझिट मागितले तर तिथून उठा. नोंदणी झालेल्या नर्सला दुसरी नोकरी मिळते. हातची गेलेली मार्कशीट परत मिळवायला महिने लागतात.