निवड, कृपा आणि जीवाचे स्वातंत्र्य

वारीच्या मुक्कामावर, कीर्तन आटोपल्यावर, एक शंका पुन्हा पुन्हा निघते. "माळ गळ्यात पडली ती माझ्या विचाराने, की देवाच्या इच्छेने? आणि सगळे त्याच्याच इच्छेने असेल, तर मी साधन करायचे ते कशाला?" वाचकहो, ही शंका केवळ आपल्याकडची नाही. युरोपातील ख्रिस्ती लोकांनी या एका प्रश्नावर शेकडो वर्षे वाद केला. त्यापायी कोणी तुरुंगात गेले, तर कोणाचे मन कायमचे मोडले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली स्कॉटलंडहून आले. आपल्या संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे १९१९ साली प्रसिद्ध करणारे निकोल मॅक्निकोल हेही स्कॉटलंडचेच. दोघेही याच मताच्या परंपरेत वाढलेले. तेव्हा ते मत काय आहे, हे शांतपणे पाहावे.

या मताचे आचार्य जॉन कॅल्विन. जन्म १५०९ सालचा, फ्रान्समधील. पुढची हयात बहुतेक जिनीव्हा शहरात गेली. १५६४ साली देह ठेवला. त्यांचा मुख्य ग्रंथ प्रथम १५३६ साली निघाला, तेव्हा त्यात सहाच अध्याय होते. १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत ते ऐंशी झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाचे मन पापाने इतके विटाळले आहे, की ते आपल्या बळावर देवाकडे वळतच नाही. म्हणून कोणाला तारायचे हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवले. ती निवड माणसाचे पुण्य पाहून केलेली नाही, निव्वळ दयेने केलेली आहे. ज्याची निवड झाली, त्याच्या ठिकाणी कृपा आपले काम केल्यावाचून राहत नाही. हीच अनिवार कृपा.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांचे दोन दृष्टांत येथे उपयोगी पडतात. माकडीण उडी मारते तेव्हा पिलू तिच्या पोटाला घट्ट धरून असते. हा मर्कटन्याय. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. हा मार्जारन्याय. कॅल्विन मांजरीच्या बाजूचे.

शंका — मग माणूस म्हणजे लाकडाचा ओंडकाच झाला! त्याला पापाचा दोष तरी कसा लावायचा?

समाधान — कॅल्विन येथे एक भेद करतात. अपरिहार्यता वेगळी आणि जबरदस्ती वेगळी. पापी माणूस पाप केल्यावाचून राहत नाही हे खरे. पण ते तो आपल्या आवडीने करतो, कोणी मानगूट धरून करवीत नाही. म्हणून दोष त्याचाच. कृपेचेही तसेच. ती इच्छा मोडीत नाही, रोगी इच्छेला बरे करते. ताप उतरल्यावर जिभेला अन्न गोड लागते, तेव्हा खाण्याची सक्ती कोणी केलेली नसते.

या उत्तराने सर्वांचे समाधान झाले नाही. हॉलंडमध्ये लायडनच्या विद्यापीठात याकोबुस आर्मिनियस नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विचारले, असे असेल तर देव पक्षपाती ठरत नाही काय? कृपा आधी येते हे त्यांनाही मान्य होते. परंतु ती नाकारण्याची मोकळीक माणसाला आहे, आणि कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवड करतो, असे त्यांचे मत. १६०९ साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन मांडले. त्यावर निर्णय देण्यासाठी डॉर्ट गावी १६१८ च्या नोव्हेंबरपासून १६१९ च्या मेपर्यंत मोठी धर्मसभा भरली. निकाल कॅल्विनमताच्या बाजूने लागला. विरोधी पाद्र्यांची पदे गेली. त्यात राजकारणही मिसळलेले होते. ओल्डनबार्नेव्हेल्ट या वृद्ध मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला आणि ग्रोटियस हे विद्वान कैदेत पडले. कृपेवरचा वाद, आणि शेवट असा!

पण या मताची खरी परीक्षा सभेत नव्हे, माणसाच्या काळजात होते. इंग्लंडमध्ये ओल्नी नावाच्या लहान गावी जॉन न्यूटन हे पाद्री होते. (शास्त्रज्ञ न्यूटन ते वेगळे.) तरुणपणी ते गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होते. १७४८ साली समुद्रात वादळात सापडले, तेव्हा देवाचा धावा केला आणि मन पालटू लागले. तरीही तो धंदा आणखी काही वर्षे चालूच होता. कृपा झाली म्हणजे माणूस एका रात्रीत स्वच्छ होतो असे नाही! त्यांचे कृपेवरील गीत आज जगभर गातात. ते त्यांनी १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी केले असे मानतात.

त्याच गावात त्यांचे मित्र, कवी विल्यम कूपर राहत. मत तेच, गुरू तेच, देऊळ तेच. पण १७७३ च्याच आरंभी कूपर यांच्या मनाने घेतले की देवाने आपल्याला टाकले आहे, आपण निवडलेल्यांत नाही. मनाचा आजार त्यांना पूर्वीपासून होता, तेव्हा सारा दोष मताला देता येणार नाही. पण आजारी मनाच्या हाती ते मत सुरीसारखे लागले. १८०० साली मरेपर्यंत ती निराशा पुरती गेली नाही.

एकच औषध एकाला लागू पडले, दुसऱ्याला बाधले. असे का? कॅल्विन यांनी स्वतःच इशारा दिला होता. देवाच्या गुप्त विचारात डोकावून आपले नाव शोधू नये. तो चक्रव्यूह आहे, आत गेलेला बाहेर येत नाही. आपल्या मनातही खूण शोधू नये. ख्रिस्त हाच आरसा, त्यातच पाहावे. त्यांच्या ग्रंथात प्रार्थनेचा अध्याय आधी येतो, निवडीचे अध्याय त्याच्या मागून. म्हणजे ज्याने हाक मारली आहे, त्याने मागे वळून "ही हाकसुद्धा त्यानेच मारविली" असे कृतज्ञतेने म्हणावे, एवढ्यासाठी हा सिद्धान्त. हाक मारण्याआधीच हिशेब मागू लागलो, तर तो बुडवतो.

आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठे अंतर आहे. तेथे जन्म एकच, म्हणून निवाडाही एकदाच आणि कठोर. आपल्याकडे कर्म आहे, अनेक जन्म आहेत. ज्यांना निवडले नाही त्यांचे काय, या प्रश्नाला कॅल्विन यांनी "ते देवाचे गूढ" एवढेच उत्तर दिले, आणि हा विचार अंगावर काटा आणणारा आहे हेही कबूल केले.

असो. न्यूटन यांनी मात्र "देवाने ठरवले, मी काय करू?" असे कधी म्हटले नाही. १७८८ साली त्यांनी गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहून आपला दोष उघड कबूल केला. आणि कूपर खचले तेव्हा त्यांना आपल्या घरी ठेवून वर्षाहून अधिक काळ सांभाळले. 'तू निवडलेला की टाकलेला' हा निवाडा त्यांनी मित्रावर केला नाही. दिंडीत कोणी थकून बसला, तर आपणही तेवढेच करावे. त्याचे भाग्य वाचू नये, हात धरावा.

रामकृष्ण हरि.